बेअर ब्यूट आणि आपले चंदन-वंदन एकाच जातीचे डोंगर का?

वाईकरीण: अकरावीला भूगोल शिकवते. मेसा (रुंद सपाट माथ्याचा डोंगर) आणि ब्यूट (तसाच, पण अरुंद माथ्याचा) शिकवायचंय. पाचगणीचं टेबललँड, चंदन-वंदन मुलांच्या ओळखीचे. शेजारी अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या बेअर ब्यूटचा फोटो लावला तर चालेल?

दगडफोड्या (सातारा): मॅडम, तो नको. विहिरींसाठी खडक बघत जन्म गेला, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो. आपल्याकडे लाव्हा बाहेर येऊन थरावर थर पसरला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. यवतेश्वरच्या घाटात रस्ता कापलाय तिथे थर उघडे पडलेत, पोरांना न्याच. पुढे नद्यांनी कडा खाल्ल्या, सपाट माथे उरले. बेअर ब्यूटला शिलारस वर चढला, पण बाहेर पडलाच नाही. भाकरीचा पापुद्रा फुगावा तसे वरचे गाळाचे थर उचलले गेले, आत गोळा थिजला. हा लॅकोलिथ. वरचं झिजून गेलं आणि गाभा उघडा पडला. उंची ४,४२६ फूट. माळावरून बाराशे फुटांच्या वर एकटाच उठलेला. सपाट माथा शोधूनही सापडायचा नाही! खरा ब्यूट हवा तर तिथल्याच शायेन रिव्हर रिझर्व्हेशनमधला (मूळ रहिवाशांसाठी राखलेला मुलूख) थंडर ब्यूट लावा. बेअर ब्यूटसारखी तीही लाकोटांचीच, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीची जमीन.

मिरजकर: काकांनी दगड सांगितला, माणसं राहिली. मी तिकडे नोकरीला होतो. लाकोटा त्याला माटो पाहा म्हणतात. शायेन या दुसऱ्या मूळ जमातीलाही तो तितकाच पवित्र. वाटेवरच्या झाडांना रंगीत कापडं आणि तंबाखूच्या इवल्या पुरचुंड्या बांधलेल्या असतात. हात लावायचा नाही, फोटोही नाही. १८५७ मध्ये गोऱ्यांच्या घुसखोरीवर बोलायला लाकोटांच्या टोळ्या इथेच जमल्या होत्या. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८६८ च्या तहात हा सगळा मुलूख त्यांचा ठरला. १८७४ मध्ये कस्टर या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला शेजारच्या ब्लॅक हिल्समध्ये सोनं दिसलं आणि १८७७ मध्ये सरकारने कायदा करून तो भाग काढूनच घेतला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा कोटी डॉलरवर भरपाई मान्य केली. लाकोटांनी पैसे घेतले नाहीत, डोंगर परत मागितले. बेअर ब्यूट मात्र १९६१ पासून राज्याचं उद्यान. ऑगस्टमध्ये जवळच्या स्टर्जिसला मोटारसायकलींची जत्रा भरते, तेव्हा खाली नुसता धडधडाट. वर लोक उपास धरून प्रार्थनेला बसलेले.

वाईकरीण: मग थंडर ब्यूट चंदन-वंदनशेजारी, आणि बेअर ब्यूट लॅकोलिथच्या तासाला. पुरचुंड्यांचे फोटो नेटवर दिसतायत, ते वगळते. दगडफोड्याकाका, यवतेश्वरला पोरांना घेऊन येतेय, याल का?

दगडफोड्या: येतो की. हातोडा आणतो. पावसाच्या आधी ठरवा.