सीपीयूचं तापमान दिसतं, पंखे आणि बोर्डाचं नाही

लिनक्सवर तापमान आणि पंख्यांचा वेग दाखवणाऱ्या सेन्सर्स कमांडमध्ये फक्त प्रोसेसरचे आकडे येतात, म्हणून तिचं एलएम-सेन्सर्स पॅकेज काढून पुन्हा टाकायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय. कृपया त्यात वेळ घालवू नका, पॅकेज ठीकच आहे. प्रोसेसरचा सेन्सर त्याच्या आतच असतो. इंटेलवर कोअरटेम्प आणि एएमडीवर के१०टेम्प हे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) लोड होणारा ड्रायव्हर, तो वाचतं. पंखे आणि बोर्डाचं तापमान मात्र मदरबोर्डावरच्या सुपर आय/ओ या वेगळ्या चिपकडे असतं. ती बहुतेकदा नुवोटॉनची किंवा आयटीईची निघते, आणि तिचं मॉड्यूल आपोआप लोड होईलच असं नाही.

सेन्सर चिप शोधणारी सेन्सर्स-डिटेक्ट ही कमांड रूट (अ‍ॅडमिन) म्हणून चालवा, प्रत्येक प्रश्नाला नुसतं एंटर दाबा. शेवटी मॉड्यूलचं नाव मिळेल, उदाहरणार्थ एनसीटी६७७५. ते मॉडप्रोब या कमांडने लोड करा. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं, तर लगेच डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, चालवून बघा. तिथे एसीपीआयच्या (फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला दुवा) संघर्षाची ओळ असेल, तर त्या चिपशी बोलायचे पोर्ट फर्मवेअरने, म्हणजे बोर्डाच्या बायोसने, आधीच स्वतःकडे राखून ठेवलेत. बूटच्या वेळी कर्नलला एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स हा पर्याय दिला की मॉड्यूल बहुधा लोड होतं, पण मग फर्मवेअर आणि ड्रायव्हर दोघंही एकाच चिपला हात घालू शकतात. माझं स्पष्ट मत: आधी नवीन कर्नल वापरून बघा, लॅक्स अगदी शेवटी.

आकडे आल्यावर ऑक्सटिन (जादा तापमान सेन्सरची पिन) या नावासमोर १२७ अंश किंवा उणे तापमान दिसलं तर घाबरू नका. त्या पिनला बहुधा सेन्सरच जोडलेला नसतो.

डीमेसेजमधली ती ओळ इथे टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल.