गर्भपात: सही कोणाची, आठवडे कुठून मोजायचे, आणि हा हक्क की सवलत?

आडवाट (प्रश्न)

'भारतात १९७१ पासून गर्भपात कायदेशीर आहे, मग वाद कसला?' असं कोणीतरी म्हणतं आणि चर्चा तिथेच थांबते. प्रत्यक्षात दवाखान्यात नवऱ्याची सही मागतात, अविवाहित मुलीला 'घरच्यांना घेऊन या' म्हणतात, आणि पंचविसाव्या आठवड्यात माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. हे सगळं कायद्यात आहे की दवाखान्यांनी आपापलं ठरवलंय? आठवडे नक्की कुठून मोजतात? गोळ्यांची हद्द काय? नैतिक बाजूवरही वाचायला आवडेल, फक्त 'जीव घेणं पाप' आणि 'माझं शरीर, माझी मर्जी' यांच्या पुढचं काहीतरी लिहा.

काळा_कोट

गोंधळाचं मूळ हे की आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हाच आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८८. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात येते. १९७१ च्या एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायद्याने या गुन्ह्याला अपवाद केला आणि तोही डॉक्टरच्या बाजूने: नोंदणीकृत डॉक्टरने, मान्यताप्राप्त जागी, सद्भावनेने मत बनवून केला तर त्याच्यावर खटला नाही. बाईने मागितला म्हणून करायलाच हवा, असं कायदा कुठेही म्हणत नाही. शिक्षेची टांगती तलवार डॉक्टरवर असल्यामुळे तो कायद्यात नसलेल्या सह्याही गोळा करतो.

आता सही. बाई १८ वर्षांची झालेली असेल आणि मानसिक आजारी नसेल, तर फक्त तिची संमती, फॉर्म सी वर. नवरा, सासू, वडील यापैकी कोणाचीही सही लागत नाही. अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तर पालकाची लेखी संमती. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला कलम ५ए खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मुदतीही बघून घ्या. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोघांचं, आणि तेही ठरावीक गटांसाठीच: बलात्कार वा कुटुंबातील लैंगिक अत्याचार, अल्पवयीन, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट, गंभीर शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातलं गंभीर व्यंग, आपत्तीची परिस्थिती. २४ च्या पुढे फक्त गर्भात मोठं व्यंग असेल तर, मेडिकल बोर्डाच्या (तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाच्या) मान्यतेने. बोर्डाने तीन दिवसांत मत द्यायचं आणि विनंतीपासून पाच दिवसांत प्रक्रिया उरकायची, असं २०२१ चे नियम सांगतात. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर मात्र कुठल्याही आठवड्यात एकच डॉक्टर निर्णय घेऊ शकतो. ही तरतूद ऐन वेळी कित्येकांना आठवत नाही.

अविवाहितेचं उत्तर स्पष्ट आहे. २०२१ च्या दुरुस्तीत 'नवरा' जाऊन 'जोडीदार' आला, त्यामुळे गर्भनिरोधक फसल्याचं कारण तिलाही चालतं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या गटांतही विवाहित-अविवाहित भेद करता येणार नाही म्हटलं. नवऱ्याने केलेली बळजबरी या कायद्यापुरती बलात्कारात धरली. आणि अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केली, तर पॉक्सोखाली (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव देण्याची गरज नाही, असंही सांगितलं.

नोंदवही

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आल्याच्या दिवसापासून नाही. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच 'चार आठवडे' भरलेले असतात. पाळी अनियमित असेल तर हिशेब फसतो. मग पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय ठरवतात. ती सर्वांत भरवशाची. उशिरा केलेल्या सोनोग्राफीत एक-दोन आठवड्यांचा फरक पडू शकतो आणि १९ च्या आसपास तेवढ्यावर सगळं अडतं.

गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत म्हणजे ६३ दिवस, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. किटमध्ये २०० मिलिग्रॅमची मिफेप्रिस्टोनची एक आणि २०० मायक्रोग्रॅमच्या मिसोप्रोस्टोलच्या चार गोळ्या असतात. आधी मिफेप्रिस्टोन, मिसोप्रोस्टोल त्यानंतर एक-दोन दिवसांनी. गोळ्या घेण्याआधी बघायच्या गोष्टी: गर्भ पिशवीतच आहे ना, हिमोग्लोबिन ८ च्या खाली नाही ना, रक्तगट निगेटिव्ह आहे का, तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढली का, रक्त पातळ करणारी औषधं किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू आहेत का.

गर्भ पिशवीऐवजी नळीत (बीजनलिकेत) असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही, पण रक्तस्राव होऊ शकतो आणि 'झालं' असं वाटतं. नंतर नळी फुटते. परस्पर दुकानातून आणून घेण्यातला सर्वांत मोठा धोका हाच. दुसरी गडबड मूत्रतपासणीची: यशस्वी गर्भपातानंतरही ती तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. ती बघून घाबरून पुन्हा किट घेऊ नये. चौदाव्या दिवशीची फेरतपासणी टाळू नये. लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप उतरत नसेल, चक्कर येत असेल तर थेट दवाखाना गाठायचा. अर्धवट पडला तर पिशवी साफ करावी लागते. त्यासाठी आता सक्शन (नळीने ओढून घेणं) वापरतात. जुनं 'क्युरेटिंग' (खरवडून काढणं) अजून बऱ्याच ठिकाणी होतं, पण जागतिक आरोग्य संघटना सक्शनच सुचवते.

बरेच केमिस्ट हे किट का ठेवत नाहीत? लिंगनिदानाविरुद्धची मोहीम आणि गर्भपात यांची सरमिसळ झाल्यामुळे. नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर लिंग कळत नाही, त्यामुळे या गोळ्यांवर डोळा ठेवून मुली वाचत नाहीत. त्या गोळ्यांचा रीतसर मार्ग तेवढा बंद होतो.

तिरपा_प्रश्न

नैतिक बाजूवर थोडं. 'जीव' आहे का, या प्रश्नात वाद नाहीच. पेशी जिवंत असतात. वाद आहे तो त्या जिवाचा दावा दुसऱ्याच्या शरीरावर किती चालतो याचा. जन्मलेल्या पोरासाठीसुद्धा बापाला मूत्रपिंड द्यायची सक्ती कुठला कायदा करत नाही, मग बाईलाच नऊ महिन्यांची सक्ती का, हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. त्यावरचं उत्तरही तितकंच गंभीर आहे: मूत्रपिंड न देणं म्हणजे मदत नाकारणं, गर्भपातात काहीतरी करावं लागतं. आठवडे वाढतात तसं या उत्तराचं वजन वाढतं. म्हणून बरेच लोक सहाव्या आठवड्यात एका बाजूला आणि सव्विसाव्यात दुसऱ्या बाजूला असतात. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही.

ऑक्टोबर २०२३ चं सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण आठवा. दोन मुलांची विवाहित आई, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार, गर्भ २६ आठवड्यांचा आणि निर्व्यंग. दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिघांच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ बाहेर जगू शकेल अशा टप्प्यावर आला की 'गरोदरपण संपवणं' आणि 'गर्भ संपवणं' या वेगळ्या गोष्टी होतात. हृदयाचे ठोके आधी थांबवायचे का, हा प्रश्न तिथे डॉक्टरांनीच कोर्टाला विचारला होता.

पण काळा_कोट, २४ नंतर फक्त व्यंगाला वाट देणं मला खटकतं. आईचं मन मोडलं तर कायदा नाही म्हणतो, गर्भात मोठा दोष दिसला तर हो म्हणतो. म्हणजे अपंग आयुष्याची किंमत आपण कमी धरली. अपंग हक्क चळवळीचा आक्षेप नेमका हाच आहे.

काळा_कोट

आक्षेप मान्य, पण त्या अपवादामागे वेळापत्रकही आहे. व्यंगाची सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत होते. हृदयात काही दिसलं तर गर्भाचा इको (हृदयाची खास सोनोग्राफी), दुसरं मत, क्वचित गर्भजलाची तपासणी. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलेलं प्रकरण गर्भाच्या हृदयातल्या दोषाचंच होतं. तेव्हा हद्द २० ची होती आणि परवानगी मिळाली नाही. व्यंगाचा अपवाद काढून टाकण्याऐवजी त्याच्या शेजारी बाईच्या मानसिक आरोग्याचं कारण जोडायला हवं, असं माझं मत.

आडवाट, व्यवहाराचं एक: दवाखान्याने नवऱ्याची सही मागितली तर 'कुठल्या कलमाखाली, लिहून द्या' एवढंच विचारावं. लिहून कोणी देत नाही. तरीही अडवलंच तर त्या दिवशी भांडत बसू नका, सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. त्यांना वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही. तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे नंतरही करता येते.