सुरुवात रेंगाळत नाही, ती पाया घालते

काही वाचकांनी लिहिलंय, कॅलिन बेयरनच्या 'यू आर नॉट सपोज्ड टू डाय टुनाइट' (2023) या भयकादंबरीची सुरुवात रेंगाळते. मला ती गरजेचीच वाटते. कॅम्प मिरर लेक या ठिकाणी लोक पैसे मोजून, भयपटासारख्या खेळात घाबरायला येतात. नायिका चॅरिटीचं कामच मुळी या खेळात शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्या मुलीची भूमिका करण्याचं. खोटं रक्त, ठरलेल्या किंकाळ्या आधी नीट दाखवल्या नाहीत, तर पुढे खेळ कुठे संपला आणि खरा धोका कुठे सुरू झाला हे कळणारच नाही. खरी कमजोरी दुय्यम पात्रांत आहे. स्लॅशरमध्ये, म्हणजे खुनी एकेकाला मारत सुटतो अशा भयकथेत, बळी जाण्याआधी प्रत्येकाची एखादी सवय, एखादं भांडण तरी लक्षात राहायला हवं. इथे काही जण नुसती नावंच राहतात, म्हणून ते गायब झाले तरी धसका बसत नाही. शेवटही फार घाईत उरकलाय.