हार्डटेल घ्यायची आहे: हेड अँगल 65 की 68?

मातीची_वाट:
नमस्कार. माझ्या 26 इंची सायकलच्या फ्रेमला हेड ट्यूबजवळ तडा गेलाय, त्यामुळे दुरुस्तीचा विचार सोडला. बजेट हार्डटेलपुरतंच, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकपुरतंच आहे आणि ते वाढणार नाही, हे आधीच सांगते. दोन सायकली बघून ठेवल्यात. दोन्ही 29 इंची, दोन्ही स्मॉल, किंमत जवळपास सारखी.

अ: हेड अँगल (पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन) 65 अंश, सीट ट्यूब अँगल (सीटच्या नळीचा कोन) 75.5, रीच (पेडलच्या आसापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, मिमीमध्ये) 430, स्टॅक (तेच अंतर उभं) 610, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) 45, एअर फोर्क (हवेवर दबणारा) 130 मिमी, ड्रॉपर (चालवताना सीट खाली घालता येणारा सीटपोस्ट), 1×10 गिअर (पुढे एक चक्र, मागे दहा; मागच्या कॅसेटचे दात 11-46).
ब: हेड अँगल 68, सीट ट्यूब अँगल 73.5, रीच 405, स्टॅक 590, स्टेम 70, एअर फोर्क 100 मिमी, साधा सीटपोस्ट, 1×12 (10-51).

उंची 163 सेमी, इनसीम (पायाची आतली लांबी) 75, वजन 56 किलो. फिरणं म्हणजे मातीचे लांब रस्ते, चढ भरपूर, आणि महिन्यातून दोन-तीनदा दगडगोट्यांचा उतार. कोणती घेऊ?

उतारवेडा:
दोन्ही सोडा, फुल सस्पेन्शन घ्या. मीही आधी हार्डटेल घेतली आणि आठ महिन्यांत विकली. उतारावर मागचं चाक उडून पाय पेडलवरून सुटायचे. आता 140 मिमी सस्पेन्शनची आहे, त्याच दगडांवरून ब्रेक न लावता जातो. थोडं थांबा, पैसे साठवा, पण एकदाच नीट घ्या.

मातीची_वाट:
दादा, बजेट वर लिहिलंय. थांबणंही शक्य नाही, सध्या सायकलच नाहीये.

निवांत_पेडल:
अ घ्या, पण मीडियम. आजकाल सगळे रीच मोठा घेतात. मी चार्टप्रमाणे मीडियममध्ये बसत होतो, तरी लार्ज घेतली. वेगात सायकल रुळावर असल्यासारखी जाते.

चिखल_आणि_चाक:
कोणतीही घ्या, पण मागचा हँगर (साखळी गिअरवर सरकवणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) यूडीएच, म्हणजे अनेक कंपन्यांना चालणारा एकाच मापाचा आहे का ते आधी विचारा. माझ्या सायकलला त्या कंपनीचा स्वतःच्या आकाराचा हँगर होता. ओल्या उतारावर एक काटकी डिरेलरमध्ये शिरली, हँगर मोडला आणि डिरेलर स्पोकमध्ये ओढला गेला. डिरेलर दोन दिवसांत मिळाला. बोटभर लांबीच्या हँगरसाठी मात्र अकरा आठवडे थांबलो. कंपनीकडून प्रत्येक वेळी एकच उत्तर, 'स्टॉक येतोय'. अख्खा सीझन गेला. गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने यूडीएच 2019 मध्ये आणला आणि आता कितीतरी कंपन्या तोच बसवतात, म्हणून तो कुठेही मिळतो. पुढे कधी स्रॅमचं ट्रान्समिशन (त्यांची गिअरची प्रणाली) बसवायचं झालं तर त्यालाही यूडीएचची फ्रेमच लागते.

जुनी_साखळी:
हेड अँगलचा एवढा बाऊ कशाला? नव्वदच्या दशकात रेसच्या सायकली 71 हेड, 73 सीट अशाच असायच्या, स्टेम 120 पर्यंत लांब. त्यावरच आम्ही डोंगर उतरलो. माझी स्टीलची फ्रेम आजही सरळ आहे, एक वेल्ड हललेला नाही. स्टील बघा.

उतारवेडा:
उतरलात, पण हँडलबारवरून पुढे किती जण पडले तेही सांगा. 120 चा स्टेम आणि 71 चा अँगल म्हणजे छाती पुढच्या चाकाच्या वरच. मोन्ड्रेकर या सायकल कंपनीने 2013 च्या मॉडेलांत लांब रीच आणि इवलासा स्टेम आणला, तेव्हा लोकांना विचित्र वाटलं होतं. आज सगळे तेच करतात. आणि मागे 29 ऐवजी 27.5 इंची चाक बसतं का बघा, वळणावर फरक कळतो.

जुनी_साखळी:
हार्डटेलला मागे लहान चाक लावलं की बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस) खाली येतो आणि पेडल दगडाला आपटतं. त्यासाठी मुद्दाम बनवलेली फ्रेम लागते. असले सल्ले देऊ नका.

मापटेप:
ताई, तुम्ही आकडे पूर्ण दिलेत म्हणून हिशेब करून सांगतो. रीच हे उभं राहून चालवतानाचं माप. बसून चालवताना महत्त्वाची ती इफेक्टिव्ह टॉप ट्यूब (सीटपासून हेड ट्यूबपर्यंतचं आडवं अंतर), आणि ती सीट ट्यूब अँगलवर ठरते. अ मध्ये सीट पुढे सरकते, म्हणून टॉप ट्यूब साधारण 588 येते. ब मध्ये साधारण 580. म्हणजे रीचमधला 25 चा फरक बसल्यावर 8 वर येतो. त्यात स्टेम मिळवा: अ 633, ब 650. कागदावर लांब दिसणारी अ बसल्यावर 17 मिमीने आखूडच आहे! म्हणून 'नवी जिऑमेट्री (फ्रेमची मापं) फार लांब पडते' हे ऐकून घाबरू नका, आणि नुसता रीच बघून साइझही बदलू नका.

दुसरं, हे आकडे फोर्क दबलेला नसतानाचे. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नाही, त्यामुळे तुम्ही बसलात की फक्त पुढची बाजू खाली जाते. फोर्क 20 मिमी दबला की दोन्ही अँगल जवळपास एक अंशाने उभे होतात. अ चा फोर्क 20 टक्के सॅगवर (नुसत्या तुमच्या वजनाने दबणं) 26 मिमी दबेल, म्हणजे चालवताना हेड 66 च्या थोडं वर आणि सीट 76.5 च्या वर. चढावर हे उत्तम, कारण वजन पुढे राहतं आणि पुढचं चाक उचललं जात नाही. सपाट रस्त्यावर मात्र तेच वजन तळहातांवर येतं. 65 चा आणखी एक गुण-दोष: वेगात चाक सरळ धरून ठेवतं, पण हळू चढताना तीव्र वळणावर तेच चाक एका बाजूला कलंडतं आणि हँडल आवरून धरावं लागतं.

गिअरची काळजी नको. अ ला 30 दातांची चेनरिंग (पुढचं चक्र) लावली तर 30/46 म्हणजे 0.65. ब ला 32 ची असेल तर 32/51 म्हणजे 0.63. चढावर फरक नगण्य.

माझं मत: अ, स्मॉल. ड्रॉपर आयता मिळतोय. उतारावर सीट खाली गेली की निम्मी भीती जाते.

निवांत_पेडल:
मीही अ च म्हणालो होतो. पण मीडियम.

सुटा_स्पोक:
अ ला माझंही मत. एअर फोर्क आहे हे फार चांगलं. 56 किलोला कॉइल (स्प्रिंगचा) फोर्क दबतच नाही, माझ्या बहिणीच्या सायकलचा वर्षभरात कधी निम्माही दबला नाही. ब्रेकचा रोटर (चकती) बघून घ्या. त्यावर 'रेझिन पॅड ओन्ली' कोरलेलं असेल तर पुढे मेटल पॅड टाकता येणार नाहीत, लांब उतारावर ते लागतात. आणि ट्यूबलेस करा. मी केल्यापासून पंक्चर नाही.

पहाटफेरी:
फुल सस्पेन्शनचा विचार खरंच करून बघा. कार्बन फ्रेम मिळाली तर अजून उत्तम, माझी तेरा किलोची आहे.

उतारवेडा:
हेच मी पहिल्या प्रतिसादात म्हणालो.

मातीची_वाट:
सगळ्यांचे आभार. दोन्ही सायकली प्रत्येकी तासभर चालवून बघितल्या, एकाच वाटेवर. मापटेप दादा, तुमचा हिशेब छापून खिशात ठेवला होता.

अ उतारावर अप्रतिम. सीट खाली घातली आणि ज्या दगडी पायरीवर मी नेहमी उतरून चालते, तिथून पहिल्यांदा चालवत आले. चढही सोपा गेला, फक्त एका वळणावर चाक कलंडलं. पण परतीच्या सपाट रस्त्यावर अर्ध्या तासात उजवं मनगट दुखायला लागलं. चार वर्षांपूर्वी ते मोडलं होतं. सीट मागे सरकवून पाहिली, हँडल उंच केलं, तरी करंगळीपर्यंत मुंग्या आल्या. ब वर तास झाला तरी काही झालं नाही. माझे चार तासांपैकी तीन तास अशाच रस्त्यावर जातात.

ब घेतली. स्मॉल.

मापटेप:
मनगटाचं आधी सांगायला हवं होतं ताई, मी अ सुचवलीच नसती. आता सीट ट्यूबचा आतला व्यास आणि किती खोलवर पोस्ट जाते ते मोजून ठेवा, ड्रॉपर नंतर टाकता येईल. स्टेम 60 चा लावून बघा, पण आधी महिनाभर आहे तसंच चालवा.

उतारवेडा:
वर्षभराने उतारावर पस्तावाल असं मला वाटतं. पण मनगट जपा.

मातीची_वाट:
मोजलं. व्यास 30.9, पोस्ट 240 मिमी आत जाते. फोर्कची रबरी रिंग सीलला टेकवून भिंतीच्या आधाराने बसले, हळूच उतरले. पहिल्यांदा सॅग 11 मिमी आला, थोडी हवा सोडल्यावर 18. आता खड्ड्यात हँडल हाताला मारत नाही.

चिखल_आणि_चाक:
हँगरचं विचारलंत का?

मातीची_वाट:
विचारलं. यूडीएच नाहीये. म्हणून सायकल घरी आणायच्या आधीच दोन जादा हँगर घेतले. एक सीटखालच्या पिशवीत आहे.