मदत हवी आहे: मोरिन खूर वाजवताना तर्जनीचा सूर दबतो

मोंगोलियातल्या उलानबातरहून मोरिन खूर आणलंय; गजाने वाजवायचं तिकडचं तंतुवाद्य, घोड्याचं मुंडकं कोरलेलं. दोनच तारा, त्याही घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या जुड्या. परंपरेने जाड तार घोड्याच्या १३० केसांची, बारीक घोडीच्या १०५ केसांची. (आणि तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजलाही आपण घोडीच म्हणतो!)

आधी थोडी सारंगी शिकलोय, त्यामुळे तार पट्टीवर दाबायची नाही, नखाने बाजूने रेटायची, हे नवं नाही. तरी तर्जनीचा सूर बसका, खरखरीत येतो. मधल्या बोटाचा मात्र मोकळा. नख वाढवू की मनगट वळवू? गज खालून धरून अनामिका-करंगळीने त्याचे केस ताणायचे असतात; तिथे पाच मिनिटांत हात भरून येतो. हे सगळ्यांचंच होतं का?

दुसरं, तारा एकमेकींपासून चौथ्या स्वराच्या अंतरावर लावतात, पाश्चात्त्य स्वरांत खाली एफ, वर बी फ्लॅट. मी वरची सा धरून खालची मंद्र पंचम मानतो. तिकडच्या लांब ताना असलेल्या ‘उर्तीन दू’ या गायनप्रकाराला असंच धरून साथ करता येईल का?

पावसाळ्यात केसांच्या तारा दर तासाला उतरतात. नायलॉनच्या लावल्यात कुणी? आवाजातली ती घोगरी माया जाते, अशी धास्ती आहे.