बैठक तीच, ग्लास हलका: अनुभव धागा

मित्र सोडायचे नाहीत, पिणं मात्र कमी करायचंय. टेबलावर काय चालतं आणि कुठे घसरायला होतं ते लिहा. 'निर्धार हवा' छापाचे सल्ले नकोत. मापं, वेळा, वाक्यं द्या.

—

आधी हिशेब. ४० टक्क्यांच्या दारूचा ३० मिलीचा पेग, म्हणजे 'स्मॉल', यात १२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण साडेनऊ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या ५०० मिली बिअरमध्ये २५ मिली, म्हणजे दोन पेग भरले. तीच बिअर ८ टक्क्यांची असली तर ४० मिली, तीन पेग ओलांडून पुढे. 'मी फक्त बिअरच घेतो' म्हणणारे इथेच फसतात. घरी बाटलीतून अंदाजाने ओतलेला 'स्मॉल' तर सहज लार्जकडे (६० मिली) झुकतो. मापाचं भांडं टेबलावर ठेवा, लोक हसले तरी.

—

वरच्या हिशेबाचा खरा शत्रू म्हणजे अर्धा ग्लास असतानाच 'थोडी टाकू का' म्हणणारा मित्र. एकदा वरून भरलं की आकडा गेला. बाटली त्याच्या हातात दिसली की तळहात ग्लासवर ठेवायचा आणि बोलणं चालूच ठेवायचं. राऊंडच्या चक्रातही शिरू नये, कारण तिथे वेग सगळ्यात जलद पिणारा ठरवतो.

—

पहिला ग्लास दारूचा नको. तहान लागलेली असते, तो दोन मिनिटांत संपतो आणि रात्रभराची लय तीच राहते. आधी मोठा ग्लास पाणी आणि पोटात काहीतरी. जेवण झालेलं असलं की अल्कोहोल आतड्यात हळू उतरतं, चढायला वेळ लागतो. खारट चकण्याने मात्र तहान वाढते, म्हणून पाण्याचा जग आपल्याच बाजूला ओढून घ्यावा.

—

काय बोलायचं? 'मी कमी करतोय' म्हटलं की टेबलावर परिसंवाद सुरू होतो. 'आज फक्त सोडा' एवढं पुरतं, आणि लगेच समोरच्याला काहीतरी विचारायचं. औषधं चालू असल्याची थाप मारू नका. पुढच्या वेळी नवा आजार शोधावा लागतो. बर्फ, सोडा, लिंबाची चकती, ग्लास इतरांसारखाच. हात रिकामा दिसला की आग्रह सुरू.

—

नॉन-अल्कोहोलिक बिअरचं लेबल नीट वाचा. ०.० आणि ०.५ टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ०.५ टक्क्यांच्या ३३० मिलीमध्ये दीड मिलीच्या आसपास अल्कोहोल असतं. कमी करणाऱ्याला ते किरकोळ, पूर्ण बंद केलेल्याला नाही. शिवाय काहींना त्या चवीनेच खरीची आठवण होते. त्यांनी त्या वाटेला न गेलेलंच बरं.

—

यकृताचा वेग ठरलेला: ढोबळमानाने तासाला एक स्मॉल, माणसागणिक थोडं कमीजास्त. कॉफीने झोप उडते, अल्कोहोल उतरत नाही. थंड पाण्याच्या आंघोळीचंही तेच. रात्री बारापर्यंत भरभर सहा पेग झाले असतील, तर पहाटे चारलाही गाडी चालवण्याजोगी अवस्था नसते. आणि दारूने डोळा लवकर लागला तरी उत्तररात्री झोप तुटतेच.

—

एक गोष्ट गंभीरपणे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद करू नये. काही तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रमही होतो. हे जिवावर बेतू शकतं. त्यांनी आधी डॉक्टर गाठावा, बैठकीचं नंतर बघू.

—

किती वाजता निघणार ते बैठकीला पोचल्या पोचल्याच सांगून टाका: 'मी दहाला निघणार.' ऐनवेळी उठलं की 'शेवटचा एक' ठरलेला असतो.

—

बिलाचं कुणी लिहिलं नाही. दारूचं आणि खाण्याचं बिल वेगळं हवं, हे पहिली ऑर्डर देतानाच वेटरला सांगा. शेवटी सांगितलं तर तोही वैतागतो आणि मित्रही. समान वाटणी ठरली की 'पैसे देतोयच, तर एक घेऊ' हा विचार हमखास येतो, आणि वर केलेली सगळी मोजमापं तिथे फुकट जातात.