‘किरकोळ’ झटका?

कुणीतरी लिहिलंय की मेंदूतली बारीक रक्तवाहिनी तुंबून येणारा झटका (लॅक्युनर स्ट्रोक) म्हणजे किरकोळ, माणूस आठवड्यात चालायला लागतो. लागतो खरा. आमच्या निपाणीच्या काकांचंही तसंच झालं. सकाळी सदऱ्याचं बटण उजव्या हातानं लागेना. बोलणं मात्र स्वच्छ होतं, शुद्धही पूर्ण होती. मग घरच्यांनी वात समजून तेल चोळलं आणि गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत गेली. एमआरआयमधला डाग दीड सेंटीमीटरपेक्षाही लहान! बीपीची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केलेली, तंबाखू चालूच. (निपाणीसारख्या तंबाखूच्या गावात तंबाखू सोड म्हणायचं कुणी? असो.)

रक्तपुरवठा अडून येणाऱ्या झटक्यांत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या जातीचा. यात माणूस लगेच दगावणं कमी, म्हणून तो किरकोळ वाटतो. पण पुढच्या वर्षांत तो फायदा विरत जातो: पुन्हा झटका, पाय घासत चालणं, विसरभोळेपणा. झटके कमी होऊही शकतात: इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यात १९८१-८४ पेक्षा २००२-०४ मध्ये एकूण झटक्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. मधल्या काळात तिथे रक्तदाबावरचे उपचार वाढले होते, धूम्रपान कमी झालं होतं.

काकांचा वरचा बीपी आता १३०च्या आत असतो. गोळ्यांचं पाकीट काकू भाकरीच्या बुट्टीतच ठेवते.